पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घ्यावी की थेट वार्ताहर म्हणून कामाला लागावे?

प्रश्न: उदगीरची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी उदगीर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि राज्यशास्त्र विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवसांत वाहिन्यांच्या गाड्या लातूरच्या स्थानकावर रांगेने उभ्या असत; पण आमच्या गावात टँकर किती दिवसांनी येतो आणि नोंदवहीत त्याच्या किती फेऱ्या लिहिल्या जातात, हे विचारायला कोणीही आले नाही. पत्रकारिता करावी, हे तेव्हापासून मनात आहे.

आता माझ्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा देऊन पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेणे. त्यासाठी नांदेड जवळ पडते आणि पुणे लांब व महाग. दुसरी वाट घरच्यांना अधिक पसंत आहे: एका दैनिकाच्या तालुका प्रतिनिधींनी मला आमच्या भागातील बातम्या पाठवण्यास सांगितले आहे. मानधनाचे ‘नंतर पाहू’ असे ते म्हणाले. वडिलांची चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि धाकटा भाऊ बारावीत आहे, त्यामुळे दोन वर्षांचा खर्च करायचा तर त्यातून नेमके काय हाती लागते, हे मला आधी समजून घ्यायचे आहे. माझे इंग्रजी वाचन बरे आहे, बोलणे कच्चे आहे. प्रवेशाला अजून नऊ महिने आहेत. या काळात काय तयारी करावी, हेही कृपया सांगावे.

उत्तर १: जुना_उपसंपादक

मी २४ वर्षे मराठी दैनिकांच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून संपादित करणाऱ्या विभागात, काढली आणि त्यातील शेवटची काही वर्षे नव्या उमेदवारांच्या चाचण्या घेण्याचे काम माझ्याकडे होते. उमेदवार आला की त्याचे गुणपत्रक आम्ही नंतर पाहत असू. आधी त्याच्यासमोर एक प्रसिद्धिपत्रक ठेवत असू. चारशे शब्दांचे ते पत्रक एखाद्या नगरपालिकेच्या कार्यक्रमाचे असे. त्यात मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आलेले असे, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आलेला असे, प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन यथासांग पार पडलेले असे आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, जणू सहज म्हणून, पुढच्या महिन्यापासून पालिकेचा दवाखाना रात्री बंद राहणार असल्याचा उल्लेख असे. या पत्रकाची ८० शब्दांत बातमी करा, एवढेच आम्ही सांगत असू. दहापैकी सहा-सात जण दीपप्रज्वलनापासून सुरुवात करत. त्यांत पदवीधरही असत आणि बिनपदवीचेही.

दुसरा कागद बाजार समितीच्या दरपत्रकाचा असे. तुमच्या लातूर-उदगीरकडे सोयाबीनचा मोठा बाजार आहे, म्हणून हे उदाहरण तुम्हाला लगेच कळेल. दरपत्रकात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. समजा, कमाल दर ५,००० रुपये आहे आणि सर्वसाधारण दर ४,२०० आहे. उमेदवार हमखास ‘सोयाबीन पाच हजारांवर’ असा मथळा देत. पाच हजारांचा भाव कदाचित बियाण्याच्या प्रतीच्या मोजक्या पोत्यांना मिळालेला असतो. बाकी साऱ्या आवकीचे मोल त्या सर्वसाधारण दरात दडलेले असते. हमीभाव शेजारी ठेवला की खरी बातमी दिसते: २०२४-२५च्या हंगामात केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये ठरवला होता. म्हणजे वरच्या काल्पनिक बाजारात बहुतेक शेतकरी हमीभावाच्या जवळपास ७०० रुपये खाली माल विकून घरी गेले आणि मथळा मात्र पाच हजारांचा लागला.

हे मी सविस्तर सांगितले, कारण तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. कागद वाचता येणे हे या धंद्यातले मूळ भांडवल आहे. पदवीने ते मिळेल की नाही, हे विभागावर आणि तुमच्यावर अवलंबून आहे. तालुका प्रतिनिधीच्या हाताखाली मात्र ते मिळण्याची शक्यता मला कमी दिसते, कारण तिथे पत्रक जसे येते तसे पुढे पाठवण्याची सवय फार लवकर लागते आणि ती सुटायला फार वर्षे लागतात. म्हणून शक्य असेल तर शिका, असे मी म्हणेन; फक्त शिकायला जाताना एक विषय सोबत घेऊन जा. तुमच्याकडे तो आहेच. पाणी आणि शेती यांचे कागद वाचणारा बातमीदार प्रत्येक वृत्तसंपादकाला हवा असतो. ‘मला सर्वच विषयांत रस आहे’ असे मुलाखतीत सांगणाऱ्याला काय काम द्यावे, हे आम्हाला कधीच कळले नाही.

नऊ महिन्यांसाठी दोन कामे सुचवतो. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन शिका आणि वेग वाढवा. मोबाइलवर रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवण्याची सवय डेस्कवर उपयोगाची नाही. काही कार्यालयांत अजून जुने फाँट चालतात आणि मजकूर इकडून तिकडे नेताना ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे फुटतात, ती डोळ्यांना खटकली पाहिजेत. दुसरे काम म्हणजे रोज एका छापील बातमीतील ‘करण्यात आले’ हा प्रयोग काढून ती पुन्हा लिहा. ‘रस्त्याचे काम बंद करण्यात आले’ या वाक्यात काम कोणी बंद केले, ते लपून जाते. कर्ता शोधायला गेलात की निम्म्या वेळा असे लक्षात येईल की तो मूळ बातमीदाराने विचारलेलाच नव्हता.

उत्तर २: तालुका_वार्ताहर

मी १३ वर्षे एका तालुक्याच्या ठिकाणाहून बातम्या पाठवतो आहे. वरील प्रतिसादातील दरपत्रकाचे उदाहरण मान्य आहे. मात्र प्रसिद्धिपत्रक आम्ही ‘जसेच्या तसे’ का पाठवतो, हे डेस्कवर बसून दिसत नाही. एका दिवसात सात पत्रके, एक अपघात, एक मोर्चा आणि एक नेत्याचा वाढदिवस असतो. त्यातील वाढदिवसाची जाहिरात आणणारा माणूसही मीच असतो.

ताई, तुमच्या घरी ही बाजू कोणी सांगितली नसेल, म्हणून स्पष्ट लिहितो. ग्रामीण भागातील बहुतेक वार्ताहर पगारी नोकर नसतात. मानधन मिळाले तर ते पेट्रोलला पुरेल इतके असते आणि खरे उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर उभे असते. दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि स्थानिक पुढाऱ्यांचे वाढदिवस जवळ आले की पुरवणीसाठी जाहिरातींचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याच ठेकेदारीवर बातमी लिहायची वेळ आली की काय होते, ते सांगायला नको. माझ्या स्वतःच्या बाबतीत तसे दोनदा घडले आहे. एकदा मी बातमी दिली आणि वर्षभराची जाहिरात गेली. दुसऱ्यांदा मी बातमी दिली नाही. दुसऱ्या वेळचा मला अजून त्रास होतो.

तरीही मी ‘हे काम करू नका’ असे म्हणणार नाही. तहसील, पोलीस ठाणे, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि बाजार समिती या पाच ठिकाणी एक वर्ष नियमित फिरलात, तर राज्य प्रत्यक्षात कसे चालते, ते समजते. बी. ए.च्या शेवटच्या वर्षात आठवड्यातून दोन दिवस हे करता येईल. पण तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या. जाहिरात आणणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. मानधनाची रक्कम, ती कितीही लहान असली तरी, लेखी मागा. आणि बातमी तुमच्या नावाने छापली जावी, असा आग्रह धरा, कारण पुढे प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत ती कात्रणेच दाखवायची असतात. ओळखपत्र मिळाले म्हणजे आपण सरकारदरबारी पत्रकार झालो, असा समज करून घेऊ नका. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला अनुभवाची व पुराव्यांची अट असते.

मी स्वतः पदवी घेतलेली नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करता करता अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा विचार दोनदा केला आणि दोन्ही वेळा निवडणुका आडव्या आल्या. तुमचे वय लहान आहे. थांबण्याची चैन आत्ताच परवडते, नंतर परवडत नाही.

उत्तर ३: वर्गखोलीतून

मी एका विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात शिकवते, त्यामुळे माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे गृहीत धरून वाचावे. ‘पत्रकारिता वर्गात शिकवता येते का’ हा वाद आपल्याकडे पत्रकारितेच्या शिक्षणाइतकाच जुना आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२मध्ये पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला, पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४चा आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतील संपादकांनी ‘वर्गात काही मिळत नाही, कचेरीत या’ असे सांगितलेले आहे. त्यात तथ्य आहे. पण कचेरीत शिकवायला आता कोणाला वेळ नाही, हेही तितकेच खरे आहे. पूर्वी मुख्य उपसंपादक तुमची बातमी लाल शाईने भरून परत देत असे. आज ती दुरुस्त होऊन थेट पानावर जाते आणि आपले काय चुकले, ते लिहिणाऱ्याला कधी समजतच नाही.

विद्यापीठात जे मिळते, त्यात मी कायद्याला सर्वांत वरचे स्थान देईन. एकच उदाहरण घ्या. बालकावरील लैंगिक अत्याचाराची बातमी देताना नाव द्यायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३मध्ये केवळ नावाचाच उल्लेख नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, किंबहुना ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करण्यास तिथे मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. बाराशे वस्तीच्या गावात ‘पाचवीत शिकणारी, किराणा दुकानदाराची मुलगी’ एवढे लिहिले, तरी नाव छापल्यासारखेच झाले. शहरात बसलेल्या उपसंपादकाला हे सुचणार नाही; गावातून बातमी पाठवणाऱ्याला ते माहीत असलेच पाहिजे. बदनामीचेही तसेच आहे. जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू आहे आणि वाक्याच्या शेवटी ‘असा आरोप आहे’ असे जोडले म्हणजे आपण सुटलो, ही समजूत न्यायालयात टिकत नाही.

कोठे शिकावे, याविषयी: नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील माध्यमशास्त्र संकुल तुम्हाला घराजवळ आहे आणि विद्यापीठही तुमचेच आहे. छत्रपती संभाजीनगर व कोल्हापूर येथील विद्यापीठांतही विभाग आहेत. पुण्याचा विभाग रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जातो आणि फर्ग्युसन रस्त्यावरील त्या वास्तूचे मोठे आकर्षण मुलांना असते. तिथून बाहेर पडलेली माणसे राज्यभरातील कचेऱ्यांत भेटतात, हा त्याचा खरा फायदा आहे. एक वर्षातच शिक्षण पूर्ण करायचे असेल, तर भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातील मराठी पत्रकारितेची पदविका पाहा. शुल्क, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची माहिती त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी. ऐकीव आकड्यांवर घरचा हिशेब मांडू नये. मात्र अर्ज करण्यापूर्वी एकदा त्या विभागात प्रत्यक्ष जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या महिन्यात त्यांच्या किती बातम्या शिक्षकांनी दुरुस्त करून परत दिल्या. या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर इमारत कितीही सुंदर असली तरी परत या.

वृत्तपत्राखेरीजही वाटा आहेत. जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या पदांसाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका विचारली जाते. आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्तविभाग लेखी व आवाजाची चाचणी घेऊन हंगामी संपादक आणि वृत्तनिवेदक नेमतात. तुमचे इंग्रजी वाचन बरे आहे, ही जमेची बाजू आहे, कारण अशा चाचणीत अनुवादाचाच भाग अनेकांना नडतो. इंग्रजी बोलण्याची चिंता सध्या बाजूला ठेवा.

उत्तर ४: मोबाइल_डेस्क

मी एका वाहिनीच्या डिजिटल विभागात काम करते, वय २६. वरच्या तिन्ही उत्तरांत कॅमेऱ्याचा उल्लेख नाही, म्हणून थोडे लिहिते. आज पहिली नोकरी बहुधा डिजिटल डेस्कवरच मिळते आणि तिथे लिहिणे, चित्रीकरण, संकलन आणि मथळा ही सारी कामे एकाच व्यक्तीकडे असतात. फोन आडवा की उभा धरायचा, यापेक्षा आवाज स्वच्छ येतो की नाही, याकडे आधी लक्ष द्या. साधा कॉलरचा माइक पुरतो. आणि पूर आला की जुन्या पुराचे चित्रण नव्या गावाच्या नावाने हमखास फिरते. चित्रणातील दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक, मागचा पूल पाहून ते कोठले आहे, हे ओळखण्याचा सराव करा. तुमच्या भागातील पूल तुम्हाला ठाऊक आहेत, आम्हाला मुंबईत ठाऊक नाहीत. मी स्वतः पदवीनंतर नोकरीला लागले आणि पहिल्या सहा महिन्यांत जे काही केले, त्यातील बहुतेक काम दुसऱ्यांच्या बातम्या पुन्हा लिहिण्याचेच होते. तेवढी मनाची तयारी असू द्या.

उदगीरची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. घरी उत्तरे वाचून दाखवली. जाहिरातीची गोष्ट ऐकल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग नांदेडला प्रवेश घ्यायला त्यांनी होकार दिला. तालुका प्रतिनिधींना मी जाहिरात आणणार नसल्याचे कळवले; त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

मी एक कागद वाचायला घेतला आहे. आमच्या तालुक्यातील गावांची गेल्या खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, मिळवली. ती ५० पैशांहून कमी असली की गावात टंचाई आहे असे मानतात. आमच्या गावाची ५० पैशांहून थोडी जास्त दाखवली आहे आणि आमच्या सीमेला लागून असलेल्या गावाची ५०हून कमी. दोन्हीकडे जमीन सारखी, पीक सोयाबीनच. यात बातमी आहे की माझीच समजूत चुकते आहे, हे कळत नाही.

जुना_उपसंपादक

समजूत चुकलेली नाही, पण बातमीही अजून झालेली नाही. खरिपाची पैसेवारी तीन टप्प्यांत येते: सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. तुमच्याकडे कोणत्या टप्प्याचा आकडा आहे, ते आधी तपासा. दोन गावांचे आकडे वेगवेगळ्या टप्प्यांचे असले तर तुलनाच चुकीची ठरेल. केंद्राची २०१६ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आल्यापासून दुष्काळ जाहीर करताना पावसाची तूट, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा असे निकष पाहिले जातात, त्यामुळे ‘पैसेवारी वाढली म्हणून दुष्काळ नाकारला’ असे घाईने लिहू नका. अंतिम आकड्यामागे पीक कापणी प्रयोग असतात, म्हणजे निवडलेल्या शेतातील ठरावीक तुकड्याचे पीक कापून उत्पादन मोजले जाते. दोन्ही गावांत ते कोणत्या शेतात झाले, किती उत्पादन भरले आणि पंचनाम्यावर कोणाच्या सह्या आहेत, हे माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. शिवाय जिल्ह्यातील सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याचा २०१८चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत सोबत न्या, कारण काउंटरवर तो अनेकदा आठवत नाही.

आणि यंदाची कापणी अजून व्हायची आहे. तुमच्या गावात प्रयोगासाठी कोणते शेत निवडले आहे, हे कृषी सहायकांना विचारा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा.

उदगीरची_विद्यार्थिनी

विचारले, सर. निवडलेल्या शेतांपैकी एक आमच्या चुलत्यांचे आहे. म्हणजे ही बातमी मी लिहावी की नाही?

वर्गखोलीतून

लिहावी; पण ते नाते पहिल्या तीन परिच्छेदांच्या आत सांगून, आणि मोजमाप चुलत्यांच्या तोंडून न घेता दुसऱ्या निवडलेल्या शेतावर स्वतः उभे राहून.